वारसा

अब्बांना काचबिंदू असल्याचं कळलं, तेव्हा उजव्या डोळ्याची बाजूची नजर बरीच गेली होती. दुखत नव्हतं, समोरचं वाचता येत होतं. आम्हाला वाटलं मोतीबिंदू असेल, ऑपरेशन केलं की झालं. पण मोतीबिंदूत धूसर झालेलं पुन्हा दिसू शकतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब होते. गेलेली नजर परत येत नाही. उपचारांनी उरलेली जपायची.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे?" अब्बा नाही म्हणाले. त्या रात्री फुफीचा फोन आला. त्या दोन वर्षांपासून त्याच आजाराचे थेंब घालत होत्या. मुलीचा रिश्ता ठरायचा होता, म्हणून सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं.

फुफीला दोष कसा देणार? "त्यांच्या घरात डोळ्यांचा आजार आहे" एवढं कानावर गेलं तरी आपल्याकडे पाहुणे मागे फिरतात. पण आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल, तर आपला धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे बहिणीचं गुपित भावाच्या नजरेवर बेततं. जमिनीच्या वारशात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा. या वारशात तसा हिशेब नाही.

धोका वाढवणारी बाकीची कारणंही घरातलीच. चाळिशीपुढचं वय, मोठा मायनस नंबर, डायबेटिस, डोळ्याला लागलेला जुना मार. आणि स्टिरॉइडचे थेंब: डोळे लाल झाले, खाज आली की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली बाटली. लगेच आराम पडतो, म्हणून ती महिनोन्‌महिने चालते आणि काहींच्या डोळ्यांतला दाब गुपचूप वाढवते.

दाब साधारण 10 ते 21 असला की ठीक म्हणतात. पण तेवढ्या दाबातही काहींना काचबिंदू होतो. म्हणून चष्म्याच्या दुकानात नंबर काढून भागत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दाब आणि आतली नस, दोन्ही तपासून घ्यावं लागतं.

आम्ही चारही भावंडांनी तपासून घेतलं. मधल्या बहिणीला थेंब सुरू झालेत. तिची नजर अजून शाबूत आहे. तिने सासरी स्वतःहून सांगितलं. तिच्या मुलांना पुढे डॉक्टरांनी विचारलं, तर त्यांच्याकडे उत्तर असेल.