शनिवारचा ओटा

गप्पा मारणे या उद्योगाला आपल्या समाजात फारशी प्रतिष्ठा नाही. वाडीत राबणाऱ्या, पहाटेची गाडी पकडून मुंबईला नोकरीस जाणाऱ्या आणि रविवारी मिस्सा आटोपून पुन्हा घरकामाला लागणाऱ्या माणसांच्या वस्तीत रिकाम्या बोलण्याचे कौतुक कोण करणार? आमच्या घरच्या मंडळींनी तर आमच्या शनिवारच्या बैठकीला 'बिनपगारी नोकरी' असे नाव ठेवले आहे. ते आम्ही निमूटपणे स्वीकारले आहे. कारण गेली पंचवीसएक वर्षे या नोकरीवर आमची हजेरी चुकलेली नाही.

बैठकीची जागा म्हणजे वसई तालुक्यातील आमच्या गावी, बावखलाच्या काठी असलेल्या मास्तरांच्या घराचा ओटा. बैठकीत आम्ही पाच जण. निवृत्त शिक्षक असलेले मास्तर हे यजमान. दुसरे रेल्वेवाले, त्यांनी नोकरीची तीस वर्षे चर्चगेटच्या गाडीत आणि पगारातला मोठा हिस्सा जुन्या तबकड्यांत घातला. तिसरे वाडीवाले, केळी आणि पानवेल हा त्यांचा व्यवसाय, तर खाण्यापिण्याच्या पदार्थांची कुळकथा शोधणे हा त्यांचा छंद. चौथे ट्रंपेटवाले; आमच्या पंचक्रोशीतल्या दोन पिढ्यांच्या वराती त्यांच्या ट्रंपेटमागून चर्चपर्यंत गेल्या आहेत. पाचवे प्रस्तुत लेखक. त्यांच्याकडे ऐकण्याखेरीज कोणतेही कसब नाही.

विषय ठरलेला नसतो; पण तिन्हीसांजेची घंटा झाली, अंजेलस म्हणून झाले की बहुधा संगीतापासूनच सुरुवात होते. रेल्वेवाले एखादे जुने गाणे लावतात आणि विचारतात, "या गाण्यात गायकाच्या मागून कोण चालले आहे, सांगा." त्यांना व्हायोलिनचा ताफा अभिप्रेत असतो. मग गोव्याच्या वादकांचा विषय निघतो. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या पॅरिश शाळांतून मुलांना अक्षरांबरोबर स्वरलिपीही शिकवीत. देवळातील गायनवृंदासाठी मिळालेली ही विद्या पुढे मुंबईत पोटापाण्याला आली. संगीतकाराने चाल बांधावी आणि ती कागदावर उतरवून कोणत्या वाद्याने कुठे यावे, कुठे थांबावे, मुख्य चालीखाली दुसरी चाल कशी वाहावी, हे या मंडळींनी ठरवावे, अशी हिंदी चित्रपटसंगीतातली कामाची वाटणी होती. शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा होते. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात त्यांचा स्वतःचा बँड होता. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या साथीला 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेले हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ होते. १९५१ च्या 'अलबेला'तला त्यांचा ट्रंपेट ऐकला की आमचे ट्रंपेटवाले डोळे मिटून घेत आणि उजव्या हाताची तीन बोटे गुडघ्यावर आपोआप चालू लागत.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यावर मास्तरांचा विशेष लोभ. प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन यांना व्हायोलिन शिकविणाऱ्या या माणसाने १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या पटांगणात मोठा वाद्यवृंद उभा केला आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्यात गावयास लावले. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांना एका चौकटीत बसविण्याचा तो प्रयत्न होता. पुढे १९७७ साली एका चित्रपटातील गमत्या नायकाला त्यांचे नाव मिळाले आणि ते घराघरांत पोहोचले. नावामागचा माणूस मात्र फारच थोड्यांना ठाऊक झाला. २०१२ साली ते निवर्तले. "नाव सर्वांना पाठ आणि माणूस कुणालाच माहीत नाही!" असे मास्तर म्हणत, आणि आम्ही माना डोलवीत असू. त्या माना डोलावण्याची आठवण पुढे आम्हांला फार बोचली, म्हणून ती येथे नोंदवून ठेवतो.

संगीतावरून गाडी पेयपानावर येण्यास वेळ लागत नसे. १९४९ चा दारूबंदी कायदा आला. मुंबईच्या हॉटेलांतील नाचगाण्याला ओहोटी लागण्याचे ते एक कारण झाले आणि अनेक वादकांचे पाय स्टुडिओकडे वळले. मिस्सेच्या द्राक्षारसासाठी मात्र त्याच कायद्यात वेगळी सवलत ठेवावी लागली, हे रेल्वेवाले रंगवून सांगत. वाडीवाल्यांची धाव त्याहून लांबची. इंग्रजांची 'टॉडी' म्हणजे आपली ताडीच, हे ते दर दोन महिन्यांनी सिद्ध करीत. काजूचे झाड ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणले. त्याच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या धारेचा हुर्राक आणि पुन्हा गाळून फेणी होते. २००९ साली काजूफेणीला भौगोलिक मानांकनही लाभले. हे सारे ऐकताना फेणीचा वास ओट्यावर दरवळल्याचा भास होई. त्यांचा सर्वांत आवडता सिद्धान्त 'पंच' या पेयाविषयीचा. सतराव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आलेला जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर लिहून गेला आहे की, मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसांचे म्हणून ते 'पंच'. भाषापंडितांचे यावर एकमत नाही. पण वाडीवाल्यांना पंडितांची गरज नव्हती. "जगातल्या साऱ्या कॉकटेलांचा मूळपुरुष आपला! आणि आपणही पाच!" असे म्हणून ते पेला उंचावीत. शनिवारी एक पेला, फार तर दीड, असा आमचा शिरस्ता होता. काना गावच्या लग्नातले सहा रांजण ही आमची कायमची सबब असे.

पंधराएक वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात वाडीवाल्यांचा पुतण्या सुटीवर आला. तो पर्यटकांच्या जहाजावर बारमध्ये कामाला होता. "काकांचा पंच पुरे, आता माझे ऐका," असे म्हणत त्याने झाकणाचे चकचकीत भांडे काढले. बर्फ किती वेळ हलवायचा, पुदिना चेचायचा नाही तर नुसता दाबायचा, म्हणजे तो कडवट होत नाही. मार्टिनीत जिनच्या जोडीला येणारी व्हर्मुथ ही वनस्पतींनी सुगंधित केलेली द्राक्षाची वाइन. हे सर्व तो एखाद्या अध्यापकाच्या गांभीर्याने सांगत होता. रम, पुदिना, लिंबू, साखर आणि सोडा यांचे क्यूबातले मोहितो त्याने केले, तेव्हा वाडीवाले पाच जिनसा मोजून आनंदाने ओरडलेच.

ट्रंपेटवाल्यांनी पेला घेतला नाही. "आज नको," एवढेच म्हणाले. तसे ते त्याआधीही कित्येकदा म्हणाले असावेत. आमच्या ध्यानात राहिले नव्हते. त्या रात्री मात्र आम्हांला चेव आला. "नाताळ आला, चवीपुरता एक घोट घे." "पोराने एवढ्या हौसेने केले आहे." "पाचातला एक कमी कसा चालेल?" हे शेवटचे वाक्य कोणाचे, यावर आम्ही पुढे पुष्कळ काथ्याकूट केला, खरे म्हणजे ते आम्हां सर्वांचेच होते. त्यांनी पेला घेतला. एक घोट घेतला. मग दुसरा पेलाही घेतला. त्या रात्री ते खूप हसले आणि बैठक कधी नव्हे इतकी रंगली, असे आम्हांला वाटले.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेलाही दिसले नाहीत. थंडी बाधली असेल, असे आम्ही धरून चाललो. नव्या वर्षाच्या पहिल्या शनिवारी त्यांच्या पत्नी ओट्याच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी "या वहिनी, बसा," म्हटले. त्या बसल्या नाहीत.

"भावोजी, त्यांनी आठ महिने हात लावला नव्हता," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी त्या मिटिंगला जात होते. त्या रात्रीपासून पुन्हा सुरू झाले आहे."

आमच्यापैकी कोणाला शब्द सुचेना. शेवटी रेल्वेवाले म्हणाले, "पण वहिनी, आम्हांला ठाऊक नव्हते."

"वाजवणे का सोडले, ते तरी विचारले होते का?"

विचारले होते. दात हलू लागले, फुंकर धरत नाही, असे त्यांनी सांगितले होते आणि आम्ही ते मान्य केले होते. ट्रंपेट म्हणजे ओठांचा आणि दातांचा खेळ. वयात हे व्हायचेच. वहिनींनी खरे कारण सांगितले. वरात निघण्यापूर्वी बँडवाल्यांच्या खोलीत बाटली पोहोचविणे हा आपल्याकडचा पाहुणचार. नाही म्हणावे तर लग्नघराचा अपमान. दर लग्नाला हे ठरलेले. म्हणून दारू सोडण्यासाठी त्यांना लग्नेच सोडावी लागली आणि लग्नांबरोबर ट्रंपेटही पेटीत गेला. "वाजवायचे गेले, तेव्हा तुमचा ओटा तेवढा राहिला होता," वहिनी म्हणाल्या. "तिथे निदान गाण्यांच्या गोष्टी होतात, म्हणून मीच त्यांना पाठवीत होते."

एवढे बोलून त्या गेल्या. त्या संध्याकाळी तबकडी लागली नाही.

साठ वर्षांपूर्वीच्या गाण्यात कोणत्या कडव्यामागे कोणाचे व्हायोलिन आहे, हे सांगणारे आम्ही. पण शेजारी बसलेला मित्र आठ महिने रिकाम्या हाताने बसतो, हे आम्हांला दिसले नव्हते. नाव सर्वांना पाठ आणि माणूस कुणालाच माहीत नाही, असे म्हणून माना डोलविणारे आम्हीच. गप्पांना नावे ठेवणाऱ्या घरच्या मंडळींचे बरोबरच होते की काय, अशी शंकाही मनात आली. बैठक मोडून टाकावी, असा प्रस्ताव वाडीवाल्यांनी मांडला. मास्तरांनी तो नाकारला. ते म्हणाले, "वहिनी ओटा मोडा म्हणायला आल्या नव्हत्या. त्याला ओटा परत द्या, हे सांगायला आल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडले. पण आमच्याकडे पाहिले नाही. क्षमा मागण्याचे आम्ही ठरवून गेलो होतो आणि प्रत्येकाने आपापली वाक्ये वाटेत जुळविली होती. प्रत्यक्षात कोणालाच नीट बोलता आले नाही. शेवटी रेल्वेवाल्यांनी पिशवीतून एक तबकडी काढली आणि म्हणाले, "ही घासते आहे. आतला ट्रंपेट नीट ऐकू येत नाही. तू सांग काय वाजते ते." ती तबकडी आम्ही तिघांनीही शंभर वेळा ऐकली होती. ट्रंपेटवाल्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "शनिवारी लावून बघू."

शनिवारी ओट्यावर काय असावे, हा प्रश्न वाडीवाल्यांनी आपल्या अंगावर घेतला. ते तांब्याच्या घागरीत काहीतरी घेऊन आले आणि सवयीने जिनसा मोजू लागले: लिंबू, साखर, पाणी, मिऱ्यांची पूड आणि... ते अडखळले. ओट्यावर अवघड शांतता पसरली. ती ट्रंपेटवाल्यांनीच मोडली. "पाचातून एक गेला, राहिले चार," ते म्हणाले. "म्हणजे हे आपले लिंबूसरबतच की!" आम्ही हसलो, तेही हसले. हे हसणे त्या डिसेंबरातल्या हसण्यासारखे मोठे नव्हते.

पुढे सारे सुरळीत झाले, असे लिहिण्याचा मोह होतो; पण ते खरे नाही. मध्ये दोनदा त्यांचा पाय घसरला. फरक इतकाच की, त्या दोन्ही वेळी आम्हांला ते कळले, कारण आम्ही आता पाहत होतो. गुरुवारच्या मिटिंगला त्यांना सोडायला आमच्यापैकी कोणीतरी जाऊ लागले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहू लागले. आमच्या घरच्या लग्नांत बँडच्या खोलीत चहा, खारे पदार्थ आणि कोकमाचे सरबत जाईल, बाटली जाणार नाही, असे आम्ही पाच कुटुंबांनी ठरविले. पहिल्या लग्नात पाहुणे कुजबुजले. दुसऱ्या लग्नात एका तरुण वादकाने मास्तरांचा हात हातात घेऊन आभार मानले. त्याने कारण सांगितले नाही आणि आम्हीही ते विचारले नाही.

ट्रंपेट पेटीतून बाहेर यायला दोन वर्षे लागली. आता दर रविवारी दुपारी चर्चच्या सभागृहात ते मुलांना शिकवितात. सध्या सात मुले आहेत, त्यांत दोन मुली. बावखलाच्या पाण्यावरून त्यांचे बेसूर स्वर आमच्या ओट्यापर्यंत येतात, तेव्हा रेल्वेवाले कानावर हात ठेवतात.

शनिवारची बैठक अजून चालू आहे. विषय तेच आहेत. फेणीची कुळकथा आणि मार्टिनीतली व्हर्मुथही वर्ज्य नाही, उलट ट्रंपेटवाले स्वतःच वाडीवाल्यांच्या चुका काढतात. फक्त तबकडी लावण्यापूर्वी मास्तर प्रत्येकाला नावाने विचारतात, "तुझे कसे आहे?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबतात. त्यामुळे संगीताला थोडा उशीर होतो. घरच्या मंडळींनी अद्याप या नोकरीचा पगार मंजूर केलेला नाही. परवा मात्र आमच्या सौभाग्यवतींनी न सांगता लिंबे कापून ठेवली होती.