उतारवयाचे पाहुणे

पन्नाशी उलटली कीं मनुष्याच्या अंगावर कांहीं पाहुणे न बोलावतां येऊं लागतात, आणि बहुतेक कायमचाच मुक्काम ठोकतात. त्यांना हांकलण्यापूर्वीं त्यांची नीट ओळख करून घ्यावी, असें माझें मत आहे.

मानेवर व काखेंत देठानें लोंबणारी मऊ चामखीळ सर्वांच्या परिचयाची. स्थूल माणसांवर व मधुमेह्यांवर तिचा लोभ अधिक. हाताबोटांवर उठणारी खरखरीत चामखीळ नांवानें तीच, पण कुळानें निराळी. ती विषाणूंमुळें होते व स्पर्शानें पसरते. पाठीवर व कपाळावर मेणाचा थेंब चिकटवावा तसे काळसर तपकिरी उंचवटे येतात. दिसायला ते भीतिदायक, पण स्वभावानें निरुपद्रवी. कातडीखालीं बोटानें दाबतांच सरकणारी मऊ गांठ बहुधा चरबीची असते. छातीपोटावर मोहरीएवढे लालभडक ठिपकेही उमटतात. कॅम्पबेल डी मॉर्गन या लंडनच्या शस्त्रवैद्यानें १८७२ च्या सुमारास त्यांचा संबंध कर्करोगाशीं जोडला होता. पुढें ती केवळ वयाची खूण ठरली. ठिपक्यांना नांव मात्र त्याचें चिकटलें तें चिकटलेंच!

मग एवढ्या ओळखपाळखीची जरुरी काय? जरुरी अशी कीं, आपल्याकडे या सर्वांचा पाहुणचार एकाच रीतीनें होतो: घोड्याचा केस बांधावा, नाहीं तर चुना लावावा. माझ्या मामांच्या टांचेवर एक काळा डाग आला. बाभळीच्या कांट्याची खूण म्हणून त्यालाही चुना लागला. डाग पसरत गेला, त्याची कड वेडीवांकडी झाली. डॉक्टरांनीं तो पाहिला तेव्हां फार उशीर झाला होता. त्वचेचा तो घातक कर्करोग, मेलॅनोमा, सांवळ्या वर्णाच्या लोकांत तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीं विशेषेंकरून आढळतो, हें मला त्या दुःखांतून समजलें.

तेव्हांपासून मी एक साधी कसोटी पाळतों. ज्या डागाच्या दोन बाजू सारख्या नाहींत, ज्याची कड अस्पष्ट आहे, ज्यांत अनेक रंग मिसळले आहेत, जो सहा मिलिमीटरांहून मोठा आहे, आणि मुख्य म्हणजे जो बदलतो आहे किंवा ज्यांतून रक्त येतें, तो विनाविलंब डॉक्टरांना दाखवावा. बाकीच्यांशीं सलोख्यानें राहावें.

“तुम्ही हें कपाळावरचें काढून कां टाकीत नाहीं?” असें आमच्या घरांतून वारंवार विचारणें होतें. डॉक्टरांनीं त्याच्या निरुपद्रवीपणाचा निर्वाळा दिला, त्याला आठ वर्षें झालीं. इतका स्थिरवृत्तीचा पाहुणा माझ्या घरीं दुसरा कोणी आलेला नाहीं!