दातांचे क्रियापद

इंग्रजीतील 'बाइट' हे क्रियापद शालेय शब्दसंग्रहात फार लवकर येते, आणि 'चावणे' हा त्याचा मराठी अर्थ एकदा पाठ झाला की त्याच्याविषयी आणखी काही विचारावे असे सहसा कोणाला वाटत नाही. कोलकात्याच्या उत्तरेकडील डमडममध्ये, जेसोर रस्त्यालगतच्या नागेरबाजार भागात, प्रस्तुत लेखिकेचे जे दीर्घ वास्तव्य झाले त्यात हा पाठ केलेला अर्थ पदोपदी अपुरा पडत गेला. कारण तेथे घरात मराठी, गल्लीत बंगाली, बाजारात हिंदी आणि शेजारच्या मुलांच्या शिकवणीत इंग्रजी असा चार भाषांचा रोजचा व्यवहार होता, आणि दात मिटण्याची ही एकच क्रिया त्या चारही भाषांनी आपापल्या रीतीने वाटून घेतलेली होती. शिवाय ज्या गावात ही शिकवणी चालत होती त्याच गावात 1857 च्या जानेवारीत याच क्रियापदावरून एक अफवा उठली होती, आणि तिचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे.

मराठी 'चावणे' संस्कृत 'चर्व्' या धातूपासून आले, आणि त्या धातूचा मूळ अर्थ घास दाढांखाली रगडणे असा आहे. मराठीने हा मूळ अर्थ टाकला नाही आणि दात रुतवण्याचा नवा अर्थही त्याच शब्दात सामावून घेतला, त्यामुळे घास बत्तीस वेळा चावावा हेही आपण म्हणतो आणि कुत्रा चावला हेही म्हणतो. इंग्रजीत या दोन वेगळ्या क्रिया आहेत: दात एकदाच मिटून तुकडा तोडणे किंवा जखम करणे म्हणजे 'बाइट', आणि तोंडात आलेला तुकडा पुन्हा पुन्हा रगडणे म्हणजे 'च्यू'. बंगालीही येथे इंग्रजीच्या बाजूने उभी राहते, कारण तिच्यात पहिल्या क्रियेला 'कामडानो' आणि दुसरीला 'चिबोनो' असे स्वतंत्र शब्द आहेत. म्हणूनच पेलवण्याहून मोठे काम अंगावर घेण्याविषयीची इंग्रजी म्हण, जिच्यात चघळता येईल त्याहून मोठा लचका तोडल्याची कल्पना आहे, डमडमच्या बंगाली मुलांना पहिल्या वाचनात कळत असे, तर मराठी घरातून आलेल्या मुलाला त्या म्हणीत एकच क्रिया दोनदा सांगितल्यासारखे वाटत असे. हा मुलाच्या बुद्धीचा दोष नव्हे. त्याच्या भाषेने जी सीमारेषा आखलीच नाही ती त्याला दिसावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

प्राण्यांच्या बाबतीत ही वाटणी आणखी गुंतागुंतीची होते. पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीने डमडममधील प्रत्येक घरात डासांचा विषय निघतो, आणि डास इंग्रजीत 'बाइट' करतो, मराठीत चावतो आणि बंगालीत 'कामडाय', इथपर्यंत तिन्ही भाषा एकमेकींच्या सोबत असतात. साप आला की बंगाली वेगळी वाट धरते: सर्पदंश झालेल्या माणसाला ती 'शापे काटा' म्हणते, म्हणजे तेथे कापण्याचे क्रियापद येते, आणि हिंदीतही 'काटना' हा एकच शब्द कापणे आणि चावणे या दोन्हींसाठी पुरतो. मधमाशी आणि विंचू यांच्यापाशी इंग्रजी अडून बसते. त्यांचे हत्यार तोंडात नसून शरीराच्या मागच्या टोकाला असते, म्हणून तेथे 'बाइट' चालत नाही, 'स्टिंग' हेच क्रियापद लागते. बंगालीतही 'हुल फोटानो', अर्थात नांगी टोचणे, असा वेगळा प्रयोग आहे. मराठी माणूस मात्र विंचू चावला असे निःशंकपणे म्हणतो, कारण त्याच्या दृष्टीने महत्त्व वेदनेला असते, ती प्राण्याच्या कोणत्या अवयवाने दिली याला नसते. याच तर्काने मराठीत नवी चप्पलही चावते, आणि बंगालीत पोटात कळा येऊ लागल्या की पोटच 'कामडाते'. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी 'बाइट' वापरता येत नाही, हे विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे सांगावे लागते.

उलट दिशेनेही अशीच तफावत आढळते. गळ टाकून बसलेला इंग्रज मासे 'बाइट' करत आहेत असे म्हणतो. तळ्याकाठचा बंगाली मासा आमिष गिळतो असे म्हणतो आणि मराठीत मासा गळाला लागतो, म्हणजे माशाकडे काही करण्याचे कर्तृत्वच उरत नाही. इंग्रजीत थंडी चावते, मराठीत बोचते. एकदा पोळलेला माणूस दुसऱ्यांदा जपून वागतो हा अनुभव सांगताना इंग्रजी चावा घेतला गेल्याची आठवण काढते, मराठी दुधाने तोंड पोळल्याची, तर बंगाली गोठा जळालेल्या गाईची, जी शेंदरी ढग पाहूनही घाबरते. अलीकडे वृत्तवाहिन्यांनी नेत्यांकडून 'बाइट घेणे' हा प्रयोग मराठीत रूढ केला आहे, आणि त्यात क्रियापदाचे नाम होऊन त्याला 'घेणे' जोडले गेले आहे. संगणकातील 'बाइट' हा शब्दही याच क्रियापदावरून 1956 मध्ये वेर्नर बुखहोल्झ यांनी घडवला आणि 'बिट'शी घोटाळा होऊ नये म्हणून त्याचे स्पेलिंग मुद्दाम बदलले.

या क्रियापदाची व्युत्पत्ती मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. प्राचीन इंग्रजीतील 'बीटन' आणि संस्कृतातील 'भिद्' यांचे मूळ एकच मानले जाते आणि त्या मुळाचा अर्थ फोडणे, दुभंगणे असा आहे. म्हणजे आपले भेद, भेदणे, अभेद्य हे शब्द इंग्रजी 'बाइट'चे रक्ताचे नातलग आहेत, तर 'चावणे' हे त्याचे भाषांतर असूनही त्या कुळातले नाही. इंग्रजीत 'बिट' म्हणजे तुकडा आणि 'बिटर' म्हणजे कडू, जिभेला झोंबणारे, हे दोन्ही शब्द याच मुळाचे होत.

डमडम हे नाव फारसी 'दमदमा'वरून आले असे 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात म्हटले आहे. दमदमा म्हणजे तोफा चढवण्यासाठी रचलेला उंचवटा. मराठी इतिहासाच्या वाचकाला वेढ्यांच्या वर्णनांतून तो परिचित आहे. बंगाल तोफखान्याचे मुख्य ठाणे बराच काळ येथे होते, आणि 1857 च्या आरंभी नव्या एनफील्ड रायफलीचे शिक्षण देण्यासाठी अंबाला आणि सियालकोट यांच्याबरोबर डमडम येथेही केंद्र काढण्यात आले.

त्या रायफलीचे काडतूस म्हणजे कागदाची एक गुंडाळी होती, आणि 'काडतूस' हा पोर्तुगीज वाटेने आलेला शब्द मुळात कागदाच्या अर्थाच्याच शब्दापासून निघालेला आहे. गुंडाळीच्या एका टोकाला दारू आणि दुसऱ्या टोकाला गोळी असे. शिपायाने दारूकडचे टोक दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची, मग गुंडाळी उलटी करून गोळीकडचे टोक नळीत दाबायचे आणि उरलेला कागद फाडून टाकायचा, असा क्रम होता. हे टोक तोडण्यासाठी कवायतीच्या पुस्तकात जे क्रियापद होते ते 'बाइट' हेच. ते नवे नव्हते, कारण जुन्या बंदुकीचे काडतूसही शिपाई वर्षानुवर्षे दातांनीच तोडत आले होते आणि त्याला कोणी हरकत घेतली नव्हती. नवी होती ती गोळीकडच्या टोकाला लावलेली चरबी, जिचा पुरवठा ठेकेदाराकडून होत असे आणि जी कोणत्या जनावराची आहे याची चौकशी दारूगोळा खात्याने केलेली नव्हती. येथे व्याकरणाची एक गोष्ट फार स्पष्ट दिसते: क्रियापद तेच राहिले, कर्ता तोच राहिला, फक्त कर्म, म्हणजे क्रिया ज्या वस्तूवर घडते ती वस्तू, बदलली, आणि तेवढ्याने आज्ञेचा सारा अर्थ बदलला.

डमडमच्या दारूगोळा खात्यातील एका खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठी लोटा मागितला, शिपायाने विटाळाच्या भीतीने नकार दिला, आणि तेव्हा गाय व डुकराच्या चरबीची काडतुसे दातांनी तोडायची वेळ आली की तुझी जात कुठे राहील, अशा आशयाचे त्याने सुनावले, ही हकीकत कॅप्टन राइट याने 22 जानेवारी 1857 रोजी केंद्राचा प्रमुख मेजर बोंटीन याला लिहून कळवली. शिक्षण तोवर काडतूस भरण्याच्या टप्प्यापर्यंत आलेलेही नव्हते. म्हणजे ज्या क्रियेची भीती पसरली ती अजून घडलीच नव्हती. आज्ञार्थी क्रियापद केवळ पुस्तकात होते. शिपायांनी मेण आणि तेल वापरण्याची सूचना केली, सरकारने 27 जानेवारीला स्वतःचे वंगण स्वतः लावण्याची मुभा दिली, पण 6 फेब्रुवारीला बराकपूर येथे चौकशी झाली तेव्हा संशय कागदाच्या चकाकीवरही गेलेला होता. शिपायांच्या या भयाला अज्ञान म्हणून बाजूला सारणारे लेखन आजही वाचायला मिळते. परंतु ज्या समाजात मुखाशी काय जाते यावर माणसाचे स्थान ठरत होते, आणि याच हकीकतीतील खलाशाला ते किती निष्ठुरपणे ठरवले जात होते हे दिसतेच, तेथे दातांची आज्ञा ही शरीराच्या सर्वांत आतल्या उंबरठ्यावर दिलेली आज्ञा होती, असे प्रस्तुत लेखिकेला निश्चितपणे वाटते.

मेजर बोंटीन याने मार्चच्या आरंभी सुचवले की काडतूस दातांऐवजी हातांनी फाडावे, आणि ही सूचना मान्य झाली. इंग्रजीत त्यासाठी क्रियापदच बदलावे लागले: 'बाइट'च्या जागी 'टेअर' आले, कारण इंग्रजी 'बाइट'च्या पोटातच दात आहेत आणि ते क्रियापद हातांना लागू करता येत नाही. मराठीत हाच प्रसंग सांगताना आपण 'चावणे' वापरत नाही, कारण त्याने काडतूस चघळल्याचा भास होतो. आपण 'दातांनी तोडणे' म्हणतो. त्यामुळे बोंटीनची सुधारणा मराठीत मांडली तर क्रियापद कायम राहून केवळ करण, म्हणजे क्रियेचे साधन, बदलते: दातांनी तोडणेऐवजी हातांनी तोडणे. नागेरबाजारच्या शिकवणीत हा धडा शिकवताना क्रियापदाच्या अर्थात साधन दडलेले असू शकते हा मुद्दा मुलांना याच उदाहरणाने सर्वांत नीट उमगला. हिंदीभाषक मुले 'दाँत से काटना' आणि 'हाथ से फाड़ना' अशी दोन क्रियापदे देत, म्हणजे त्यांच्याकडे इंग्रजीप्रमाणे क्रियापदही बदले आणि मराठीप्रमाणे साधनही वेगळे सांगावे लागे.

संकट धैर्याने सोसणे या अर्थाचा, गोळी चावण्याचा इंग्रजी वाक्प्रचार याच काडतुसांवरून निघाला असे डमडममध्ये आणि इतरत्रही सांगितले जाते. ते खरे नाही. फ्रान्सिस ग्रोस याच्या बोलीकोशाच्या 1796 च्या आवृत्तीत फटके खाताना ओरडू नये म्हणून शिसाची गोळी चघळणाऱ्या सैनिकांचा उल्लेख आहे, आणि मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या 1891 च्या कादंबरीत हा प्रयोग आजच्या अर्थाजवळ येतो. त्या वाक्प्रचारात गोळी दातांखाली धरणारा आपली वेदना आवरत असतो, तर 1857 मधील शिपायाला कागद दातांखाली धरण्याची क्रियाच वेदनादायक वाटत होती. दोन्ही ठिकाणी दात, सैनिक आणि दारूगोळा आहेत एवढ्या साम्यावर व्युत्पत्ती उभी करता येत नाही.

बदललेले क्रियापद प्रत्यक्षात फारसे उपयोगी पडले नाही. 24 एप्रिल 1857 रोजी मेरठ येथे तिसऱ्या लाइट कॅव्हलरीच्या 90 स्वारांना काडतूस हातांनी फाडण्याची नवी रीत दाखवण्यासाठीच संचलनास बोलावले होते, आणि त्यांच्यापुढे ठेवलेली काडतुसे जुन्या प्रकारची होती; तरीही 85 जणांनी त्यांना हात लावण्यास नकार दिला. 9 मे रोजी त्यांना बेड्या ठोकण्यात आल्या, आणि दुसऱ्या दिवशी मेरठ उठले.