उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा

एखाद्या घराला मुलाच्या शिक्षणासाठी मदतीची गरज आहे की नाही, हे सरकार एका कागदावरून ठरवतं. तो कागद म्हणजे तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला. मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या कार्यालयात माझी नोकरी झाली आणि त्यातली बहुतेक वर्षं शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे गेली. लालबाग, परळ, नायगाव, गिरगाव इथल्या मुलांचे दाखले मी तपासत आले. आकडा वाचताना त्यामागचं घर माझ्या डोळ्यांसमोर यायचं, कारण मी तशाच घरात वाढले.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. आई खोलीतच खाणावळ चालवायची. गावी कुटुंब ठेवून आलेले कामगार तिच्याकडे जेवायचे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वडिलांचा पगार थांबला. जेवणारे कामगार कोकणात, घाटावर निघून गेले, तशी खाणावळही बसली. त्याच जूनमध्ये माझा कॉलेजप्रवेश होता. ईबीसीच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठीच्या फीमाफीच्या, फॉर्मला वडिलांच्या पगाराचा दाखला लागायचा आणि तो देणाऱ्या गिरणीचं फाटक बंद होतं. संपाआधीच्या वर्षाचा पगार दाखवावा, तर ते पैसे आता घरात येत नव्हते. उत्पन्न काहीच नाही असं लिहावं, तर पुरावा कुठून आणायचा? कॉलेजातल्या एका कारकुनांनी वडिलांना बसवून घेतलं, शेवटची पगारचिठ्ठी आणि साध्या कागदावरचा अर्ज घेतला आणि प्रकरण पुढे सरकवलं. माझी फी माफ झाली. पुढे मी ह्याच कामाला लागले, त्यात त्या माणसाचा वाटा मोठा आहे.

ही ईबीसी यशवंतराव चव्हाणांच्या सरकारची. सुरुवातीच्या काळात वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना तिचा लाभ मिळायचा. जातीचा विचार न करता केवळ मिळकत पाहून फी माफ करणारा तो निर्णय होता. आज तिचं नाव राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. मर्यादा वाढत वाढत वर्षाला आठ लाखांवर आली आहे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे मुलं म्हणतात त्या कॅप राऊंडमधून, प्रवेश घेतला असेल तर निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं. एका कुटुंबातल्या दोनच मुलांना हा लाभ मिळतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षणातल्या आणि इतर मागासवर्गीय मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण माफ झालं. निर्णय फार चांगला आहे. मात्र मर्यादा तीच आठ लाखांची राहिली, आणि पलीकडे पडणाऱ्या मुलीचं नुकसान आता दुप्पट झालं.

पलीकडे पडणं म्हणजे काय, ते गिरगावातल्या एका वडिलांमुळे मला नीट कळलं. ते एका निमसरकारी आस्थापनेत नोकरीला होते. एरवी त्यांचा वर्षाचा पगार मर्यादेच्या आत असायचा. त्या वर्षी जुन्या वेतनवाढीची थकबाकी एकदम हाती आली आणि फॉर्म सोळावरचा आकडा आठ लाखांच्या वर गेला. घरात आईचं डायलिसिस चालू होतं, धाकटा मुलगा बारावीत होता. थकबाकी तर आईच्या उपचारात केव्हाच संपली होती. "ताई, पैसे मागच्या वर्षांचे आहेत हो, फक्त ह्या वर्षी मिळाले," ते परत परत सांगत राहिले. खरंच होतं ते. पण दाखला एका आर्थिक वर्षाचा असतो. घरात खाणारी तोंडं किती, आजारी कोण, भाडं किती, कर्ज किती, ह्यातलं काही त्यात मांडायला जागा नसते. सात लाख नव्वद हजारांवर निम्मी फी मिळते आणि आठ लाख दहा हजारांवर काहीच नाही. ह्या वीस हजारांपायी ज्या घराची पन्नास हजारांची मदत जाते, ते घर शेजारच्यापेक्षा गरीब होऊन बसतं.

ज्यांच्याकडे फॉर्म सोळा नसतो, त्यांची अडचण वेगळी. लालबागच्या एक बाई पोळी-भाजीची ऑर्डर घेतात. मुलाच्या दाखल्यासाठी स्वयंघोषणापत्र भरायचं होतं. मला म्हणाल्या, "मॅडम, गल्ल्यात येतात ते पैसे लिहू, की पीठ, गॅस आणि मदतनीस बाईचा पगार जाऊन हातात राहतात ते?" इतका नेमका प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नाही. अर्थात हातात राहतात ते, असं मी सांगितलं आणि खर्चाची वही जपून ठेवायलाही सांगितलं. पण असं विचारायचं कोणाला, हेच अनेकांना माहीत नसतं. मग एजंट सांगेल तो आकडा लिहिला जातो. पुढच्या वर्षी दुसराच आकडा पडतो आणि तपासणाऱ्याला संशय येतो.

मला सगळ्यात जास्त खटकते ती अनुसूचित जातींच्या मुलांसाठीची मर्यादा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही १९४४ पासूनची केंद्राची योजना. तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे आणि ती वर्षानुवर्षं तिथेच थांबली आहे. नायगावच्या बीडीडी चाळीतली एक मुलगी आमच्याकडे होती. तिचे वडील कायम नोकरीतले सफाई कामगार, म्हणजे अडीच लाखांच्या पुढचे. फ्रीशिपमधून, म्हणजे फीमाफीच्या योजनेतून, तिचं शिक्षण शुल्क सुटलं, पण निर्वाह भत्ता मिळाला नाही. पुस्तकं, प्रवास, लॅपटॉप ह्यांचा खर्च घरानेच काढला. ह्याच परळच्या बीआयटी चाळीत राहिलेले बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या बळावर. त्यांचं तिथलं राहणं-खाणं त्या पैशांवर होतं. फी माफ झाली म्हणजे शिकण्याचा सगळा खर्च भागला, असं मानणं चूक आहे.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या मुलीच्या कॉलेजप्रवेशाच्या वेळी तिने मला तिथला फाफ्साचा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा, अर्ज समजावून सांगितला. आईवडिलांचं उत्पन्न, भरलेला कर, साठवलेले पैसे आणि घरात माणसं किती, हे सगळं धरून एक निर्देशांक निघतो. २०२४-२५ मध्ये पेल ग्रँट ही त्यावरून मिळणारी मदत जास्तीत जास्त ७,३९५ डॉलरची होती, आणि निर्देशांक चढतो तशी ती टप्प्याटप्प्याने उतरते. तिथली फी ह्या मदतीच्या कितीतरी पुढे असते, त्यामुळे तिकडचं सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही. पण मदत उतरत उतरत संपावी, कुटुंबाचा आकार धरला जावा, ह्या दोन गोष्टी आपल्याला नक्की घेता येतील. दाखल्यासाठी रेशनकार्ड आपण मागतोच. घरातल्या माणसांची नावं त्यावर असतातच. एकदाच आलेली थकबाकी वेगळी काढणं तर त्याहून सोपं आहे; फॉर्म सोळा पाहणाऱ्याला तो अधिकार द्यायला हवा.

महाडीबीटी पोर्टल आल्यावर फॉर्मची बाडं बांधण्याचं काम संपलं, पैसे थेट मुलांच्या खात्यात जाऊ लागले. ही मोठी सोय झाली. नव्या अडचणीही आल्या. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात आणि कित्येकांचं ते खातं गावच्या बँकेत, कधीचं बंद पडलेलं निघतं. हप्ता मंजूर होऊनही मुलाने 'रिडीम'चं बटण दाबलेलं नसतं. अर्ज 'सेंड बॅक' आला की घाबरून काहीजण तो सोडून देतात.

मी निवृत्त झाले तरी चाळीतली मुलं अजून कागद घेऊन घरी येतात. त्यांना सांगते तेच इथे सांगते. एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष लागलं की दाखल्याचा अर्ज करा, निकालाची वाट पाहू नका. दाखल्याच्या कामासाठीचं मुंबई शहर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टात जुन्या जकात घरात आहे. आधार कोणत्या खात्याशी जोडलं आहे ते बँकेत जाऊन पाहून या. परत आलेला अर्ज म्हणजे नाकारलेला अर्ज नव्हे. त्रुटी दुरुस्त करा आणि मुदतीच्या आत पुन्हा पाठवा. आणि कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीत बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, आकडा पाहून 'बसत नाही' म्हणण्याआधी समोरच्या माणसाला खुर्ची द्या आणि हा आकडा कसा आला ते विचारा.