वळकटी

माझे आजोबा प्रवासाला निघाले, म्हणजे त्यांच्याआधीं त्यांची वळकटी दारांत येऊन बसे. सतरंजी, उशी, कांबळें, पंचा आणि उशाशीं ठेवण्याची एक छोटीशी पोथी, एवढा संसार त्या गुंडाळींत सामावलेला असे. धर्मशाळा कुठलीहि असो, वळकटी उलगडली कीं आजोबांचें घर तयार! आम्ही मुलें त्यांच्या या हौसेला हंसत असूं. पुढें शेंकडों माणसांच्या वळकट्या सांभाळण्याचें काम माझ्याच वांट्याला येईल, हें तेव्हां कुणाच्या स्वप्नांतहि नव्हतें.

२०११ सालीं एका महाविद्यालयांतील संगणकांची देखभाल माझ्याकडे होती. संगणक बरेच, पण माणसें त्याहून अधिक. अमक्याचा अमुक संगणक असें ठरवून देण्याची सोय नव्हती. अशा ठिकाणीं विंडोजमध्यें एक युक्ति आहे. प्रत्येकाचीं कागदपत्रें, पडद्यावरची मांडणी, आवडीनिवडी, या सर्वांचा एक गठ्ठा करून तो मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवतात. त्याला प्रोफाइल म्हणतात. आपण कोणत्याहि यंत्रापुढें बसून नांव आणि परवलीचा शब्द सांगितला, कीं तो गठ्ठा त्या यंत्रावर उतरतो. काम संपवून रजा घेतली, म्हणजे बदललेला गठ्ठा सर्व्हरकडे परत जातो. आजोबांची वळकटीच ही!

मात्र वळकटींत काय भरावें, याचा विवेक सर्वांनाच नसतो. एका गृहस्थांनीं घरच्या लग्नाचें सबंध चित्रीकरण पडद्यावर आणून ठेवलें होतें. ते ज्या यंत्रापुढें बसत, तेथें तें लग्न प्रथम उतरून घ्यावें लागे. तोंवर त्यांचा चहा होऊन जाई.

त्यांत आमच्याकडे यंत्रांच्या तीन जाती नांदत होत्या. वाचनालयांत व शिक्षकांच्या खोलींत जुनीं एक्सपी, नव्या खोलींत विंडोज ७ आणि शास्त्रशाखेकडे लिनक्स. एक्सपीची वळकटी विंडोज ७ ला चालत नाहीं. घडी घालण्याची पद्धतच व्हिस्टापासून बदलली. म्हणून नवें विंडोज त्याच माणसासाठीं दुसरी वळकटी बांधतें आणि तिच्या नांवापुढें ‘व्ही२’ अशी खूण करतें. लिनक्सची तऱ्हा आणखी निराळी. फाइलीचा धनी तें नांवानें ओळखीतच नाहीं, क्रमांकानें ओळखतें. सोडून गेलेल्याचा क्रमांक नव्या माणसाला दिला, तर मागें राहिलेले कागद बिनबोभाट नव्याच्या मालकीचे होतात.

आमच्या संस्कृतच्या बाई एकदां नव्या खोलींतून धांवत आल्या. “अहो, माझं सगळं गेलं!” मीं त्यांना जुन्या यंत्रापुढें नेऊन बसविलें. सारें जागच्या जागीं होतें.

“म्हणजे मी एकच, आणि घरं मात्र दोन?”

“हो, बाई.”

“आणि एका घराला दुसऱ्याचा पत्ता नाही?”

आम्ही दोघेंहि हंसलों. तेव्हांपासून त्या जुन्या यंत्रांवरच काम करूं लागल्या, आणि मी निश्चिंत झालों.

बाई आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या उतरून ठेवीत होत्या. आईचें वय ८४. एके सकाळीं शिक्षकांच्या खोलींत बसून, फोनवर ऐकत ऐकत बाईंनीं चौदा ओव्या टाइप केल्या, जपून साठविल्या, आणि तासाची घंटा झाली म्हणून यंत्र तसेंच ठेवून त्या वर्गावर गेल्या. सायंकाळीं त्या वाचनालयांतल्या यंत्रापुढें बसल्या. सकाळची वळकटी सर्व्हरकडे परतलीच नव्हती. म्हणून तेथें उतरली ती आदल्या दिवसाची. हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. त्याच फाइलींत प्रस्तावनेच्या चार ओळी घालून त्यांनीं रजा घेतली. दुसऱ्या दिवशीं शिक्षकांच्या खोलींतलें यंत्र अजून आपल्याच नांवानें उघडें आहे असें पाहून त्यांनीं तेथेंहि रीतसर रजा घेतली. यंत्रानें दोन प्रतींच्या वेळा ताडून पाहिल्या. सायंकाळची नवी, सकाळची जुनी, नवी राहिली.

तरीहि सकाळची प्रत त्या यंत्रावर उरली असती. परंतु जुन्या यंत्रांत जागा अपुरी पडते म्हणून, रजा घेतांच तेथली प्रत पुसून टाकावी, असा नियम मीं स्वतःच घालून ठेवला होता. सर्व्हरची नक्कल आम्ही रोज रात्रीं काढीत असूं. पण जें सर्व्हरपर्यंत पोंचलेंच नाहीं, त्याची नक्कल कुठून निघणार? पुसलेलें परत मिळविण्याचे उपायहि करून पाहिले. हातीं कांहीं लागलें नाहीं. यंत्र नियमानें वागलें, बाई नियमानें वागल्या, आणि ओव्या गेल्या. नियम मात्र माझा होता.

पुढच्या सुटींत मीं वळकट्या सोडल्या. कागदपत्रांचा कप्पा त्यांतून काढून सर्व्हरवर एका जागीं कायमचा ठेवला. एक्सपी असो, विंडोज ७ असो, कीं सांबा नांवाच्या दुभाष्यामार्फत लिनक्स असो, कुठूनहि दार उघडलें तरी खोली तीच. वळकटींत आवडीनिवडींचें हलकें सामान तेवढें उरलें. हा उपाय मला आधींपासून ठाऊक होता. चाललें आहे तें चालूं द्यावें, एवढ्यासाठींच तो लांबणीवर पडला होता. एक्सपीचा आधार २०१४ सालीं संपला, विंडोज ७ चा २०२० सालीं. पण आज एकाच घरांत फोन, टॅब्लेट आणि लॅपटॉप एकमेकांना ‘कोणती प्रत खरी?’ म्हणून विचारूं लागले, कीं मला ती सकाळ आठवते.

नियम माझा होता, हें मीं बाईंना सांगितलें. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आईला पुन्हा विचारीन.”

आईला नऊ आठवल्या. पुढें दिवाळींत बाई तिला गांवीं घेऊन गेल्या आणि जुन्या जात्यापाशीं बसविलें. जात्यावर बसल्यावर ओवी सुचते, असें आपण उगीच म्हणत नाहीं. खुंट्याला हात लागतांच आणखी दोन आल्या. उरलेल्या तीन आल्या नाहींत.

बाईंनीं तें सर्व छापून, शिवून घेतलें आणि एक प्रत मला दिली. तींत तीन ठिकाणीं जागा कोरी सोडली आहे. ती प्रत मी सर्व्हरवर ठेवलेली नाहीं. प्रवासाला निघतांना ती माझ्या पिशवींत असते आणि रात्रीं उशाशीं.