खांद्याचे पाते

इस्लापूरच्या आमच्या घरी पोळ्याच्या आदल्या सांजेस, ओढ्यावरून धुऊन आणलेल्या बैलांच्या खांद्यांवर ऊन पाण्याचा हात फिरवून, वाटीतील हळद-तूप पळसाच्या पानाने त्यांवर चोळीत वडील जेव्हा ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हणत, तेव्हा वर्षभर जू वाहिलेली ती जागा मी प्रथम जवळून पाहिली. वशिंडापुढचे केस झडलेले, कातडे जाड होऊन काळवंडलेले, आणि बैलाने पाय बदलला की त्या घट्ट्याच्या खालच्या अंगाला एक रुंद, चपटे हाड संथपणे सरके. ‘हात लावून बघ रे, गरम लागतंय का,’ वडील म्हणत. कारण खांदेसूज आलेल्या बैलाला जुंपणे हा त्यांच्या लेखी अपराध होता.

खांदेमळणी आटोपल्यावर वाटीत उरलेले हळद-तूप वाया घालविणे आईला मानवत नसे. वडीलधारी मंडळी चावडीकडे गेली की ती वडिलांना ओसरीवर पाठमोरे बसवी आणि त्यांच्या खांद्यांवर ते जिरवी. निजामाच्या अमदानीत आमचा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात मोडे. १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला, जंगल महकम्याचे वनखाते झाले, परवान्यांवरची उर्दू जाऊन मराठी आली. परंतु सागवानाचे ओंडके गाडीत चढविणारी वडिलांची पाठ तीच राहिली. कंदिलाच्या उजेडात त्या पाठीवरची दोन त्रिकोणी पाती वर-खाली होताना मी पाहत बसे.

पुढे तहसील कचेरीत माझ्या नोकरीचा दीर्घ काळ गेला, आणि पन्नाशीच्या सुमारास एके दिवशी दप्तरखान्यातील सर्वांत वरच्या फळीवरचा जमाबंदीचा बस्ता काढण्यासाठी उचललेला उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत जाऊन तिथेच अडला. नांदेडच्या एका वयोवृद्ध डॉक्टरांनी सदरा उतरवून मला भिंतीकडे तोंड करून उभे केले, आपला तळहात माझ्या पाठीवर ठेवला, आणि हात सावकाश वर नेण्यास सांगून, हात जसजसा चढे तसतसे पाते बोटांनी चाचपीत मला त्याचे कार्य समजावून दिले. हात कानाला टेकेपर्यंतच्या १८० अंशांपैकी सुमारे ६० अंश एकट्या या पात्याच्या फिरण्याने साधतात. दंडाचे हाड दोन भाग चालते तेव्हा पाते एक भाग चालते, आणि हा ताल बिघडला की हात वाटेतच थांबतो.

संस्कृतात ज्याला अंसफलक म्हणतात ते हे हाड दुसऱ्या बरगडीपासून सातवीपर्यंत पाठीवर पसरलेले असूनही एकाही बरगडीशी सांध्याने जोडलेले नाही, मध्यभागी ते इतके पातळ की उजेडासमोर धरले असता पलीकडचा प्रकाश जाणवावा, आणि त्याला चिकटलेले सतरा स्नायू त्याला ओढीत, आवरीत, फिरवीत असतात, हे ऐकून मी स्तिमित झालो. सुश्रुताने १०७ मर्मांत त्याची गणना केली असून तेथील आघाताने बाहू बधिर होतो किंवा सुकतो असे म्हटले आहे. धडाच्या सांगाड्याशी त्याचा अस्थिसंबंध काय तो हासळीच्या हाडाच्या टोकाशी. बैलाला तर ते हाडही नसते! त्याचे पुढचे पाय धडाशी केवळ मांसाने जोडलेले असतात, आणि ते अवजड धड दोन पात्यांच्या मध्ये झोळीसारखे टांगलेले असते. म्हणजे खांदेमळणीचे हळद-तूप ज्या मांसावर चोळायचे ते मांस हाच त्याचा सांधा. शरीरशास्त्राचा एक शब्दही न वाचता आमच्या वाडवडिलांचा हात नेमका तेथेच कसा गेला, याचे मला आजही नवल वाटते.

वडिलांच्या अखेरच्या पोळ्याला गोठा रिकामा होता. सांज झाली तशी मी वाटी घेऊन आलो, आणि ते काही न बोलता ओसरीवर पाठमोरे बसले. मांस झडून गेलेल्या त्या पाठीवर पात्यांच्या कडा स्पष्ट दिसत होत्या. हात वर करा म्हटले, तो छातीच्या वर गेला नाही. तरी माझ्या तळव्याखाली ते हाड जरासे सरकले.

‘गरम लागतंय का रे?’ त्यांनी मान न वळविता विचारले.

‘नाही, बाबा,’ असे म्हणून मी वाटीतले उरलेले तूप दुसऱ्या खांद्याला लावले.