खडकीच्या घरात निळ्या सिंहांचा वर्ग

माध्यमिक शाळेत इतिहास शिकविण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाला सेवानिवृत्तीनंतर पुन्हा एका वर्गाची जबाबदारी यावी, आणि तो वर्ग जपानी कारागिरांनी घडविलेल्या एका खेळातला असावा, हा योग माझ्या नातीमुळे जुळून आला. सुट्टीला खडकीस आली असता तिने आपले ‘स्विच’ नावाचे खेळयंत्र माझ्या हाती दिले आणि म्हणाली, “आजोबा, यात लढाई आहे, पण त्याआधी शिकवायचं आहे. तुम्हालाच जमेल हे.” खेळाचे नाव ‘फायर एम्ब्लेम : थ्री हाउसेस’. ‘इंटेलिजंट सिस्टिम्स’ आणि ‘कोएई टेक्मो’ या दोन संस्थांनी मिळून तो रचला आणि २६ जुलै २०१९ रोजी तो जगभर प्रसिद्ध झाला. या मालिकेचा मूळ खेळ १९९० सालचा, म्हणजे त्यामागे तीन दशकांची परंपरा आहे.

फोड्लान नावाच्या एका कल्पित खंडात एक साम्राज्य, एक राज्य आणि सरदारांचा एक संघ अशा तीन सत्ता नांदत असून, त्यांच्या मध्यभागी उंच डोंगरावर गॅरेग माख नावाचा धर्ममठ आहे, आणि त्या मठाच्या आश्रयाने तिन्ही सत्तांतील तरुणांना युद्धविद्या शिकविणारी एक प्रबोधिनी चालते. आपण असतो एका भाडोत्री फौजेच्या सरदाराचे अपत्य. योगायोगाने प्रबोधिनीतील तीन मोठ्या विद्यार्थ्यांचे प्राण आपल्या हातून वाचतात आणि मठाच्या अधिष्ठात्री आपली नेमणूक थेट आचार्यपदी करतात. त्यानंतर प्रश्न येतो तो एकच : काळा गरुड, निळा सिंह आणि सोनेरी हरिण या तीन वर्गांपैकी कोणता वर्ग आपण शिकविणार? एडेलगार्ड, दिमित्री आणि क्लॉड हे तिघे वर्गनायक आपापल्या सवंगड्यांची ओळख करून देतात. त्यांचे बोलणे ऐकल्यावर मी निळ्या सिंहांचा वर्ग पत्करला. त्या वर्गातील अ‍ॅश नावाचा मुलगा मला तेथे ओढून घेऊन गेला, हे येथे नमूद केलेच पाहिजे. आईबाप गेल्यावर धाकट्या भावंडांच्या पोटासाठी चोऱ्या करणारा हा पोर एका सरदाराच्या वाड्यात सापडला, आणि त्या सरदाराने शिक्षा करण्याऐवजी त्याला आपल्या पंखाखाली घेतले. असा विद्यार्थी ज्या वर्गात आहे तो वर्ग सोडून दुसरीकडे जाणे माझ्याच्याने झाले नसते.

आरंभी मला वाटले होते की बुद्धिबळाच्या पटासारखी चौकोनी घरे असतील, आपले मोहरे व शत्रूचे मोहरे आळीपाळीने हलतील आणि जो अधिक दूरवर पाहील तो जिंकेल. रणांगणावर घडते ते तसेच; परंतु खेळाचा अर्धा जीव रणांगणाबाहेर, वर्गाच्या चार भिंतींत आहे. वर्षाची सुरुवात एप्रिलमध्ये होते, महिन्याअखेर एक मोहीम असते, आणि मधल्या आठवड्यांत सोमवार हा अध्यापनाचा वार. त्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे त्याच्या उत्साहाची मोजणी दिसते. तलवार, भाला, कुऱ्हाड, धनुष्य, अश्वारोहण, तर्कविद्या, श्रद्धाविद्या यांपैकी एखादा विषय निवडून त्याचा पाठ घेतला की तो उत्साह खर्ची पडतो आणि विद्या वाढते. रविवारी मठात हिंडण्याची मुभा असते. कोणाची हरवलेली वस्तू सापडली तर ती ज्याची त्याला परत द्यावी, कोणाला चहाला बोलवावे, कोणाबरोबर भोजनगृहात बसून जेवावे. या आपुलकीनेच सरलेला उत्साह पुन्हा भरून येतो. शिकविण्याचा जो अनुभव मी फळ्यासमोर घेतला, त्याचे मर्म येथे इतक्या नेमकेपणाने पकडले आहे की मला त्या अज्ञात रचनाकारांविषयी मनापासून आदर वाटला.

एक प्रसंग सांगतो. अ‍ॅनेट नावाची एक कष्टाळू मुलगी माझ्या वर्गात आहे. पाठ चालू असता तिचे काही चुकले आणि पडद्यावर दोन पर्याय उभे राहिले : तिचे सांत्वन करायचे, की तिला तिची चूक परखडपणे दाखवून द्यायची? ज्याचा जसा स्वभाव तसे उत्तर त्याला मानवते आणि त्याची उमेद परत येते. स्वभाव ओळखता आला नाही तर आचार्याचा शब्द वाया जातो. मी थांबलो, यंत्र मांडीवर ठेवले, आणि तोवर ती काय काय बोलली होती ते आठवू लागलो. नात शेजारून म्हणाली, “आजोबा, दाबा ना काहीतरी!” पण वर्गातल्या मुलीला काय बोलावे हे घाईने ठरविण्याची माझी रीत नव्हे, आणि हा खेळही त्या विचाराला हवा तेवढा अवधी देतो.

महिन्याअखेरच्या पहिल्या मोहिमेत तिन्ही वर्गांची आपसांत सरावाची झुंज होते, दुसरीत लुटारूंशी गाठ पडते. तिसरी मोहीम मात्र निराळी. एका सरदाराने मठाविरुद्ध बंड पुकारले असून त्याचा बीमोड करण्याचा हुकूम सुटतो, आणि तो सरदार म्हणजे अ‍ॅशचा प्रतिपालक लोनाटो. रणभूमीवर दाट धुके पसरलेले असते. चार पावलांपलीकडचा शत्रू दिसत नाही, आणि एकेका मोहऱ्याला पुढे सरकवताना हात जड होतो. अ‍ॅशला त्या माणसासमोर उभे करावे की मागे ठेवावे, याचा निर्णय आचार्याने घ्यावयाचा असतो. मी त्याला मागे ठेवले.

येथे खडकीचा संबंध येतो, आणि तो मी ओढूनताणून आणलेला नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि इंग्रजांची फौज यांची लढाई ज्या भूमीवर झाली, ती आमच्या वस्तीपासून गणेशखिंडीपर्यंत पसरलेली होती. आज तेथे विद्यापीठाचा परिसर आहे. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या निवडक घोडदळाने जोराची चाल केली, आणि शत्रूच्या फळीपुढे असलेल्या दलदलीत घोडे रुतले. मुलांना हा पाठ देताना ही दलदल मी फळ्यावर खडूने काढून दाखवीत असे. आता या खेळात झाडीच्या घरावर मोहरा मंदावलेला किंवा धुक्यात शत्रू दिसेनासा झालेला पाहतो, तेव्हा जमीन ही युद्धात तिसरा पक्ष असते, ही गोष्ट नातीला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

त्याच लढाईत मोरोपंत दीक्षित हे जरीपटक्याचे मानकरी पेशव्यांच्या बाजूने लढत होते. मुळा नदीपलीकडे दापोडीस कॅप्टन फोर्डची पलटण होती, आणि फोर्ड हा मोरोपंतांचा स्नेही. मोरोपंतांची गाठ नेमकी फोर्डच्याच पलटणीशी पडली आणि तिच्या तोफेचा गोळा लागून ते पडले. त्या काळी पुण्याच्या इंग्रज रेसिडेन्सीत असलेल्या ग्रँट डफने आपल्या १८२६ सालच्या इतिहासग्रंथात ही हकीकत लिहून ठेवली आहे. ‘थ्री हाउसेस’चा उत्तरार्ध हा याच दुःखाचा विस्तार आहे : युद्ध पेटते, कथा पाच वर्षे पुढे जाते, आणि ज्यांनी एका भोजनगृहात एकत्र अन्न घेतले ते तिन्ही वर्ग परस्परांवर शस्त्र धरतात. दुसऱ्या वर्गातील मुलाला आपल्या वर्गात घेण्याची तजवीज मात्र आहे. त्यासाठी त्याला जी विद्या वा जो गुण प्रिय, तो आचार्याने स्वतः कमावावा लागतो. त्या मुलावर पुढे शस्त्र उगारण्याची वेळ येऊ नये म्हणून आचार्याने आज धनुर्विद्या शिकावी, याहून उदात्त कारण शिकण्याला कोणते असेल?

नवख्यांसाठी दोन शब्द. अवघडपणाची पातळी ‘नॉर्मल’ ठेवावी, पण पद्धती ‘क्लासिक’ घ्यावी, म्हणजे रणात पडलेला शिष्य परत येत नाही. ‘कॅज्युअल’मध्ये तो पुढच्या मोहिमेस हजर होतो आणि निर्णयाचे गांभीर्य उणावते. काळ मागे फिरविण्याची एक दैवी शक्ती खेळाने मोजक्या वेळा वापरण्यास दिली आहे, तेवढी सवलत आरंभीच्या माणसाला पुरेशी आहे. दोन-तीन विषयांपलीकडे एकाच मुलावर भार टाकू नये. ज्याचा कल धनुष्याकडे त्याला धनुष्य द्यावे, आणि पात्रतेच्या परीक्षेला बसविण्यापूर्वी उत्तीर्ण होण्याची शक्यता किती टक्के आहे हे पाहून घ्यावे. रविवार कधीही नुसत्या विश्रांतीत दवडू नये. मठात हिंडावे, मुलांशी बोलावे. जे आईबाप किंवा आजीआजोबा घरातील मुलांच्या हाती असे यंत्र पाहून कपाळाला आठ्या घालतात, त्यांना माझी विनंती आहे की एक रविवार त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांच्या वर्गात कोण कोण आहे, हे त्यांना विचारा.